आवाज कुणाचा? पुरावा कुणाविरुद्ध?

"आवाज कुणाचा" ही आरोळी महाराष्ट्रातील प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र हा प्रश्न अक्षरशः विचारला गेला. मतदान २० नोव्हेंबरला होते. आदल्याच दिवशी भारतीय जनता पक्षाने काही ध्वनिफिती जाहीर केल्या. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले हे बिटकॉइनच्या पैशांविषयी बोलत असल्याचा दावा त्यासोबत होता. दोघांनीही आरोप फेटाळले. तो आवाज माझा नाहीच, असे सांगून सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर विभागाकडे तक्रार केली. मतदानाच्या दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांना पत्रकारांनी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की या दोघांबरोबर मी काम केले आहे, बोलण्याच्या ढंगावरून आवाज त्यांचाच आहे. चौकशी होऊ द्या, असेही ते म्हणाले. त्याच सुमारास तथ्यपडताळणी करणाऱ्या मंडळींनी त्या फिती तपासून त्यातील बहुतेक यंत्राने तयार केलेल्या असाव्यात असा निष्कर्ष काढला.

दौंड तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. म्हणजे आमच्या दौंडच्या मतदाराच्या मोबाईलवर मतदानाला निघण्यापूर्वी त्याच्याच खासदाराचा म्हणून एक आवाज येऊन पोहोचला होता. त्या राजकारणात आपल्याला येथे शिरायचे नाही. प्रश्न वेगळा आहे. लहानपणापासून ज्या बहिणीचा आवाज ऐकला तो आवाज ओळखताना तिचा चुलत भाऊ खात्रीने एक सांगतो आणि यंत्राची तपासणी दुसरेच सांगते, तर मग मध्यरात्री अंधारात, गळ्यावर सुरा असताना, अनोळखी माणसाचे चार शब्द ऐकलेला शेतकरी न्यायालयात उभा राहून "मी आरोपीला आवाजावरून ओळखले" असे म्हणतो, तेव्हा त्या साक्षीवर किती भार टाकायचा?

हा प्रश्न शिरूर आणि दौंडच्या माणसाने विचारलाच पाहिजे. कारण या दोन तालुक्यांत भीमा आणि घोड नदीच्या काठाने उसाचे मळे आहेत, मळ्यात एकटी घरे आहेत आणि त्या घरांवर रात्री दरोडे पडतात. दरोडा पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी कोठे जाते, हे सांगण्याची गरज नाही. ती पारध्यांच्या पालावर जाते. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, राज्याबाहेरून हजारो माणसे आली, रस्ते चौपदरी झाले, पण तपासाची पहिली वाट मात्र जुनीच राहिली.

या वाटेला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मालाच गुन्हा ठरवले. जमातीतील माणसांची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, बोटांचे ठसे घ्यायचे, गाव सोडायला परवाना लावायचा. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण या जमाती मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ ला. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का गेला, ठाण्याच्या रजिस्टरातून आणि गावाच्या मनातून गेला नाही. त्या काळी अंगठ्याचा ठसा ही ओळख होती. आता आवाजाचा "ठसा" ही नवी ओळख होऊ घातली आहे. म्हणून ती कशी घेतली जाते, कोणाची घेतली जाते आणि तिच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

प्रथम कायदा पाहू. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मग बोटाचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणे ही अशी सक्ती आहे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात याचे उत्तर "नाही" असे दिले. ठसा म्हणजे साक्ष नव्हे, तुलनेसाठी दिलेली वस्तू आहे, अशी ती भूमिका. आवाजाबद्दल मात्र कायद्यात अक्षरही नव्हते. उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथे २००९ मध्ये पोलीस भरतीच्या नावाखाली पैसे घेतल्याचे प्रकरण घडले, त्यात आवाजाचा नमुना मागितला गेला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. रंजना देसाई म्हणाल्या, दंडाधिकाऱ्याला असा आदेश देता येतो. न्या. आफताब आलम म्हणाले, संसदेने कायदा केलेला नाही, तर न्यायालयाने तो अधिकार निर्माण करू नये. शेवटी २ ऑगस्ट २०१९ रोजी रितेश सिन्हा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींनी अनुच्छेद १४२ चा आधार घेऊन सांगितले की संसद कायदा करेपर्यंत दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतील.

संसदेने पुढे कायदा केला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३४९ मध्ये सही, हस्ताक्षर, बोटांचे ठसे यांच्या जोडीला आवाजाचा नमुनाही आला. हे कलम नीट वाचा. प्रथमवर्ग दंडाधिकारी आरोपीसह "कोणत्याही व्यक्तीला" नमुना देण्यास सांगू शकतात. त्या तपासात कधीतरी अटक झालेली असावी अशी अट आहे. पण लागलीच दुसरे परंतुक आहे: लेखी कारणे नोंदवून, अटक न झालेल्या माणसालाही आदेश देता येतो. म्हणजे उद्या दरोड्याच्या तपासात पालावरच्या दहा तरुणांचे नमुने मागितले, तर त्यांच्या आणि त्या आदेशाच्या मध्ये उभी राहणारी गोष्ट एकच: दंडाधिकाऱ्यांनी लिहिलेली कारणे. ती कारणे छापील आहेत की खरी, हे तपासणारा वकील त्या तरुणांजवळ असतो काय?

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकाऱ्याने द्यायचा आहे, हवालदाराने नव्हे. ठाण्यात बसवून, दमदाटी करून, मोबाईलमध्ये "बोल रे" म्हणून केलेले रेकॉर्डिंग म्हणजे या कलमाखालचा नमुना नव्हे. आणि काय बोलायला लावायचे, यालाही मर्यादा आहे. सुधीर चौधरी विरुद्ध दिल्ली राज्य या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाचायला दिलेल्या मजकुरात तुलनेपुरते शब्द यावेत, पण गुन्ह्याची कबुली वाटेल अशी वाक्ये येऊ नयेत. "दागिने काढ, नाहीतर मारून टाकीन" हे वाक्य आरोपीच्या तोंडून वदवून घेणे म्हणजे नमुना घेणे नव्हे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ मध्ये आवाजाचा आलेख काढून त्याला "व्हॉइसप्रिंट" असे नाव दिले. फिंगरप्रिंटशी जुळणारे हे नाव लोकांच्या मनात बसले आणि गैरसमजही तेथूनच पसरला. बोटावरच्या रेषा जन्मभर त्याच राहतात. आवाज सकाळी वेगळा असतो, सर्दीत वेगळा असतो, भीतीत, दारूत आणि रागात वेगळा असतो. माणूस ओरडतो तेव्हा एक, कुजबुजतो तेव्हा दुसरा. त्यात जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाजाचा पट्टा पुढे नेते, बाकीचा गळून पडतो. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या आलेख पद्धतीची तपासणी करून तिच्यातील अनिश्चितता मोठी असल्याचा इशारा दिला. आज संगणक तुलना करतो, पद्धत सुधारली आहे. तरीही प्रामाणिक तज्ज्ञ "हा तोच माणूस" असे छातीठोक सांगत नाही, तो संभाव्यता सांगतो. न्यायालयाच्या निकालपत्रात येईपर्यंत मात्र त्या संभाव्यतेची खात्री झालेली असते.

हे झाले यंत्राचे. माणसाच्या कानाचे तर त्याहून कठीण. चार्ल्स लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाच्या बाळाचे १९३२ मध्ये अमेरिकेत अपहरण होऊन खून झाला. खंडणी देताना लिंडबर्ग यांनी अंधारात दुरून आरोपीची एक हाक ऐकली होती. अडीच वर्षांनी त्यांनी शपथेवर सांगितले की तो आवाज याच आरोपीचा. आरोपीला १९३६ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवण्यात आले. या साक्षीने अस्वस्थ होऊन फ्रान्सिस मॅकगी या संशोधिकेने प्रयोग केले. तिचा निष्कर्ष १९३७ मध्ये आला: एकदा ऐकलेला अनोळखी आवाज एक-दोन दिवसांनी शंभरातील ८३ जणांना ओळखता आला, पाच महिन्यांनी फक्त १३ जणांना. आपल्याकडे दरोड्याचा खटला सुनावणीला यायला पाच महिने नव्हे, पाच वर्षेही लागतात.

आणि येथेच जात आत शिरते. माणसाला आपल्यासारखे बोलणाऱ्यांचे आवाज वेगवेगळे कळतात. परक्या बोलीचे सगळे आवाज सारखेच वाटतात. पारध्यांची स्वतःची भाषा आहे, ती गुजरातीला जवळची आहे. ते मराठी बोलतात तेव्हा त्यांचा हेल वेगळा लागतो. फिर्यादी सांगतो, "ते पारध्यासारखे बोलत होते." यातून फार तर एक समाज दिसतो, एक माणूस दिसत नाही. पण तपासात या वाक्याचे रूपांतर हळूहळू होत जाते. पहिल्या जबाबात "पारध्यासारखे बोलत होते", पुरवणी जबाबात "आवाज ओळखू शकेन" आणि साक्षीच्या पिंजऱ्यात "हाच तो आवाज". आमच्या भागातील एका खटल्यात मी उलटतपास घेताना साक्षीदाराला साधे चार प्रश्न विचारले होते. हा आवाज तुम्ही आधी कधी ऐकला होता काय? नाही. त्या रात्री किती शब्द ऐकले? चार-पाच. आरोपीला आवाजासाठी इतर माणसांबरोबर उभे करून तुमच्याकडून ओळख परेड घेतली काय? नाही. मग ओळखले कसे? ठाण्यात तो एकटाच बसलेला होता, तो बोलला, तेव्हा ओळखले. असा साक्षीदार खोटारडाच असतो असे नाही. त्याच्या घरी दरोडा पडलेला असतो, त्याला खरा चोर सापडावा असेच वाटत असते. त्याच्यासमोर एकच माणूस बसवला आणि हाच चोर असे सुचवले, की त्याचा कान तोच निकाल देतो.

सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सावध केलेले आहे. मुंबईतील १९९९ च्या माहीम गोळीबाराच्या मोक्का खटल्यात, नीलेश दिनकर पराडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०११ च्या निकालात, आवाजावरून पटवलेली ओळख ही चेहऱ्यावरून पटवलेल्या ओळखीपेक्षा अधिक कठीण आणि संशयास्पद असल्याचे न्यायालयाने म्हटले. केवळ तिच्या आधारे शिक्षा देताना अत्यंत सावध राहावे, असे बजावले आणि त्या आरोपीची शिक्षा रद्द केली. हा निकाल आपल्याच राज्यातील आहे, तो प्रत्येक तालुका वकिलाच्या टेबलावर असला पाहिजे.

ओळख चुकली की काय होते, हे नाशिकच्या प्रकरणाने दाखवले. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतातल्या कुटुंबावर भीषण हल्ला झाला, खून आणि बलात्कार झाले. प्रत्यक्षदर्शी महिलेने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधील चार वेगळ्याच गुन्हेगारांचे फोटो ओळखले होते. पकडले गेले भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर. २००६ मध्ये त्यांना फाशी सुनावली गेली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी ठरवली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. सोळा वर्षे गेली. त्या पाच लाखांत एका वर्षाचा भाव किती येतो, हे वाचकांनीच काढावे. तेथे डोळ्यांनी पाहिलेली ओळख होती. कानाने ऐकलेल्या ओळखीचे काय सांगावे?

परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या समाजाला तितकीच लागू आहे. आज आपल्या मुलांच्या हातात मोबाईल आहे. जातीवाचक शिवीगाळ, बहिष्काराची धमकी, "तक्रार मागे घे" म्हणून आलेला फोन आता रेकॉर्ड होतो. पूर्वी अॅट्रॉसिटीच्या खटल्यात गावातले साक्षीदार फुटले की खटला संपत असे. रेकॉर्डिंगला कोणी फोडू शकत नाही. म्हणूनच आरोपीचा वकील पहिला बचाव घेतो: हा आवाज माझ्या अशिलाचा नाही. आणि आता तो दुसरा बचावही घेईल: हा आवाज यंत्राने बनवलेला आहे. दरोड्याच्या खटल्यात आपण पारधी तरुणासाठी जी सावधगिरी मागतो, तीच अॅट्रॉसिटीच्या खटल्यात गावचा धनदांडगा स्वतःसाठी मागणार. त्यात गैर काही नाही, कायदा दोघांना एकच असला पाहिजे. फरक असा की त्याच्याकडे वकील आणि पैसा आहे. आपल्याकडे निदान पुरावा तरी पक्का असला पाहिजे.

ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालते, हे जुनेच आहे. मुंबईच्या कॉरोनरच्या लाचप्रकरणात, आर. एम. मलकानी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच टेपवरील संभाषण ग्राह्य धरले होते. १९८५ च्या राम सिंग खटल्यात अटी घातल्या: आवाज ओळखीच्या माणसाने किंवा अन्य पुराव्याने सिद्ध व्हावा, फेरफार झालेला नसावा, फीत जपून सीलबंद ठेवलेली असावी, आवाज स्पष्ट असावा. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या १४ जुलै २०२० च्या निकालात, मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे ठरले. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते, एक उपकरण वापरणाऱ्याचे आणि दुसरे तज्ज्ञाचे. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला क्रमांक, फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी तो बदलतो.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे आहे. रेकॉर्डिंग झाले की ते व्हॉट्सअॅपवर पाठवत सुटू नका, त्यात फाइल दाबली जाते आणि मूळ कोणते हेच कळेनासे होते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, मूळ फाइल कापू नका. तारीख, वेळ आणि नंबर त्याच दिवशी वहीत लिहा. पोलिसांनी फोन घेतला तर पंचनाम्यात मेक, आयएमईआय क्रमांक आणि सील यांचा उल्लेख झाला की नाही ते पाहून प्रत घ्या. आरोपीच्या आवाजाचा नमुना घेण्यासाठी तपास अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, असे लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. आणखी एक लक्षात ठेवा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) खाली अपमान चारचौघांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी व्हावा लागतो. फोनवर दोघांतच झालेल्या बोलण्यावर हा आक्षेप हमखास येतो. म्हणून फोन स्पीकरवर असताना जवळ कोण होते, ग्रुपवर टाकलेला आवाजी निरोप किती जणांनी ऐकला, हे फिर्यादीतच आले पाहिजे.

यंत्राने आवाज बनवणे आता किती सोपे झाले आहे? २०१७ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराच्या जुळ्या भावाने ब्रिटनमधील एचएसबीसी बँकेची आवाज ओळखणारी यंत्रणा नुसत्या नकलेने फसवली होती. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केवळ तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मांडली. "आई, मी पकडलो गेलोय, पैसे पाठव" असा पोराच्या आवाजातला फोन आता कोणाच्याही घरी येऊ शकतो. असा फोन आला तर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन करा, आणि फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

यंत्रातला पुरावा पवित्र नसतो, हे शिरूर तालुक्याला तरी नव्याने सांगायला नको. कोरेगाव भीमा याच तालुक्यात आहे. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर एल्गार परिषदेच्या खटल्यात संगणकातील पत्रे हा मुख्य पुरावा म्हणून मांडला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने, एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून घुसून कागदपत्रे ठेवली गेली, असा अहवाल दिला. लॅपटॉपबाबत असा प्रश्न उभा राहतो, तर आवाजाच्या फितीबाबतही तो विचारला गेलाच पाहिजे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. आवाजाच्या नमुन्याचा आदेश होण्यापूर्वी त्या व्यक्तीला वकील मिळालाच पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. शिरूर आणि दौंडच्या तालुका विधी सेवा समित्यांनी हे पालावर जाऊन सांगावे. कानाने ओळख पटवायची असेल तर एकट्याला बसवून नव्हे, त्याच बोलीच्या, त्याच वयाच्या अनेक माणसांच्या आवाजांत मिसळून घ्यावी आणि ती ध्वनिमुद्रित करावी. प्रयोगशाळेने अहवालात पद्धत आणि चुकीची शक्यता लिहावी. खटला सुटला तर घेतलेल्या नमुन्याचे काय होणार, तो किती वर्षे ठेवणार, हे नियमात यावे. ज्याच्या पणजोबाचे ठसे १९५२ पूर्वी रजिस्टरात होते, त्याच्या पणतवाचा आवाज संगणकात कायमचा पडून राहता कामा नये.

हे काम आपल्या वकिलांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे. पारधी आपला मतदार नाही, आपल्या मोर्चात तो येत नाही, असे म्हणून हात झटकणारे आपल्यातही आहेत. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की उद्या अॅट्रॉसिटीच्या खटल्यात आपल्या मुलीच्या मोबाईलमधील रेकॉर्डिंग याच नियमांवर तोलले जाणार आहे. हे नियम आज पालावरच्या माणसासाठी नीट करून घेतले, तर उद्या ते आपल्याही उपयोगी पडतील. पुढच्या वेळी पालावर पोलिसांची गाडी गेल्याचे कळेल, तेव्हा आपल्या गावातला एक तरी कार्यकर्ता वकिलाला घेऊन मागोमाग जाईल, एवढी तयारी दोन्ही तालुक्यांत व्हावी.

जय भीम!